पडीक खाजनांसाठी पैसा कशावर घालावा? संशोधनावरून धोरण ठरवण्याची रीत

मांडवी, जुवारी आणि इतर नद्यांच्या काठची खाजने (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेते) हा गोव्याचा सुमारे १८ हजार हेक्टरांचा ठेवा आहे. त्यातला बराच भाग आज पडीक आहे, आणि दर पावसाळ्यात त्यावर त्याच मागण्या होतात: भाताची आधारभूत किंमत वाढवा, बांध दुरुस्त करा, कापणीयंत्र द्या, कुळांचे खटले निकालात काढा. प्रत्येक मागणीत तथ्य असते, पण सगळ्यांना पुरेल एवढा पैसा नसतो. अशा वेळी जगभर झालेले अर्थशास्त्रीय संशोधन खरोखर कामाला येते. मात्र ते कसे वापरायचे हे ठाऊक नसेल, तर आधीच घेतलेल्या निर्णयाला चिकटवायचा कागद एवढाच त्याचा उपयोग उरतो.

हा लेख खात्यातले अधिकारी, पंच, आमदारांसाठी टिपणे तयार करणारे, शेतकरी संघटना आणि विद्यार्थी यांच्यासाठी आहे. उदाहरण सगळीकडे खाजनाचेच घेतले आहे. कचरा, बससेवा किंवा विद्यावेतनाच्या प्रश्नालाही हीच पद्धत लागू पडते.

आधी निर्णय लिहा, मग संशोधन शोधा

‘खाजन शेतीचे काय करावे?’ या प्रश्नाला कोणतेच संशोधन उत्तर देऊ शकत नाही. प्रश्न असा लिहा: ‘येत्या आर्थिक वर्षात दीड कोटी रुपये हाताशी आहेत असे धरले, तर ते आधारभूत किमतीत वाढ, बांध व मानस (बांधातले पाण्याचे दार) दुरुस्ती आणि यंत्रांच्या भाड्यात सवलत यांपैकी कशावर घालावेत, म्हणजे दोन वर्षांत जास्तीत जास्त पडीक जमीन लागवडीखाली येईल?’ यात रक्कम आहे, पर्याय आहेत, मुदत आहे आणि यश कशाने मोजायचे तेही आहे. ‘काहीच करू नये’ हा पर्यायही यादीत ठेवा. तो नसेल तर बाकीच्यांची तुलना कशाशी करणार?

सही कोणाची लागणार, तेही याच कागदावर असू द्या. बांधाचे काम कृषी संचालनालयाच्या मृदसंधारण विभागाकडे, कुळाचा वाद मामलेदाराकडे, तर मानशीची पावणी (तिथल्या मासेमारीच्या हक्काचा लिलाव) कूळ संघाकडे, म्हणजे खाजनातल्या कुळांच्या संघटनेकडे असते. तीन ठिकाणचे अधिकार एकाच शिफारशीत कोंबले की फाईल तिन्हीकडे फिरते आणि कुठेच थांबत नाही.

वेळापत्रक उलटे मोजा. राज्याचा अर्थसंकल्प बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडला जातो, पण खात्यांची अंदाजपत्रके त्याच्या काही महिने आधीच जुळू लागतात. जानेवारीत आलेला उत्तम अहवाल त्या वर्षापुरता वाया जातो. चतुर्थीपूर्वी प्रश्न पक्का करून दिवाळीपर्यंत पहिले टिपण तयार ठेवणे, हे व्यवहारात जमणारे गणित आहे.

घोडे नेमके कुठे अडले आहे?

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून सर्वाधिक वेळही इथेच द्यावा. जमीन पडीक असण्याची कारणे अनेक असली, तरी एका विशिष्ट खाजनात त्यातले एखादेच कारण खरोखर आडवे येत असते. ते सुटले नाही तर बाकीच्यांवर ओतलेला पैसा कोरडाच जातो.

प्रत्येक कारण जमिनीवर वेगळी खूण ठेवते. खारे पाणी शिरत असेल, तर पडीक जमीन सलग दिसते, बहुधा मानशीजवळ किंवा सर्वांत सखल भागात. कूळ-मालकाचा वाद असेल, तर ती सर्व्हे नंबराप्रमाणे तुटक दिसते: शेजारच्या शेतात भात डोलत असतो आणि मधला तुकडा गवताने भरलेला असतो. यंत्र पोचत नसेल, तर रस्त्याकडेची शेते पिकतात आणि आतली पडीक राहतात. खाजनातल्या चिखलात जड कापणीयंत्र रुतते हे तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. भाव आणि मजुरी हेच कारण असेल, तर पाण्याचा निचरा उत्तम असलेली, कागदपत्रे स्वच्छ असलेली आणि रस्त्याला लागून असलेली शेतेही पडीक दिसतात.

म्हणून सर्व्हेचा नकाशा घेऊन, कूळ संघाच्या दोन जाणत्या माणसांना सोबत घेऊन बांधावरून चाला. प्रत्येक पडीक तुकड्याला कारणानुसार रंग द्या: निळा खाऱ्या पाण्याला, लाल वादाला, पिवळा वाटेला, हिरवा भावाला. घरी येऊन एक-चौदाचे उतारे (गोव्यातले सातबारासारखे जमिनीचे उतारे) ताडून पाहा. कुळाच्या रकान्यात आजोबांचेच नाव असेल आणि वारसांपैकी कोणी आखातात, कोणी बोटीवर, तर कोणी पोर्तुगालात असेल, तर त्या तुकड्यापुढे भावाचा प्रश्न उभा करण्यात अर्थ नाही. कृषी कार्ड (शेतकऱ्याचे सरकारी नोंदणीपत्र) नसेल, तर योजनेचा पैसाही तिथे पोचणे कठीण.

या निदानाला संशोधनाचा भक्कम आधार आहे. उत्तर घानात अर्थतज्ज्ञ डीन कार्लन आणि सहकाऱ्यांनी काही शेतकऱ्यांना रोख मदत, तर काहींना पावसाचा विमा दिला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात विमा मिळालेल्यांनी शेतीत लक्षणीय जास्त पैसा घातला, आणि नुसत्या रोख मदतीचा परिणाम त्या मानाने थोडा होता. त्यांना पैशापेक्षा जोखीम जास्त अडवत होती. आपल्या खाजनात ती जोखीम म्हणजे भर जुलैत बांध फुटण्याची भीती. हाती आलेले पीक एका भरतीत जाणार असेल, तर किलोमागे दोन रुपये जास्त मिळण्याने कोण पेरणी करील?

दुसरा आधार एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या कामाचा. २००९ चे नोबेल मिळालेल्या या अभ्यासकांनी सामायिक पाणी, कुरणे आणि मासेमारी कोणत्या नियमांनी टिकते हे अनेक देशांत तपासले. हद्द कोणाची, देखरेख कोणाची, नियम मोडणाऱ्याला चढता दंड आहे का, हे त्यांचे प्रश्न खाजनाला तंतोतंत लागू पडतात. मानशीचे दार भरतीला आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते, असा मूळ बेत. पण मासेमारीचा हक्क पावणीत घेतलेल्याला जास्त मासळीसाठी खारे पाणी आत हवे असते. दार अडवून उघडे ठेवले की शेत बुडते. अशा ठिकाणी लाखो रुपयांची बांधदुरुस्ती करूनही मीठ आतच येणार. तिथे आधी पावणीच्या अटी बदलायला हव्यात, आणि त्याला जवळजवळ खर्चच नाही.

अभ्यास शोधताना आणि वाचताना

एकाच अभ्यासावर विसंबू नका. आधी अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा शोधा. २००८ पासून काम करणारी थ्रीआयई आणि २००३ साली एमआयटीत सुरू झालेली जे-पाल या योजनांचे परिणाम तपासणाऱ्या संस्थांचे आढावे संकेतस्थळांवर मोफत मिळतात. स्थानिक बाजूसाठी जुने गोवे येथील आयसीएआरची केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था, दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि गोवा विद्यापीठ या तिन्ही दारांवर थाप मारा. मीठ सहन करणाऱ्या भाताच्या जाती, भरतीची पातळी, गावपातळीवरचे प्रबंध ही माहिती परदेशी नियतकालिकात सापडणार नाही.

पेपर हातात आला की शेवटचा आकडा पाहण्याआधी पुढचे प्रश्न विचारा.

तुलना कोणाशी केली आहे? ‘योजना घेतलेल्यांचे उत्पन्न जास्त’ एवढेच असेल तर तो पुरावा नव्हे. जो शेतकरी कागदपत्रे जमवून विभागीय कृषी कार्यालयात फेऱ्या मारतो, तो मुळातच जास्त उत्साही असतो. योजना नसती तर याच लोकांचे काय झाले असते, याचे विश्वासार्ह चित्र अभ्यासात हवे.

सुरुवात कुठून झाली होती? उदयपूर जिल्ह्यातला लसीकरणाचा प्रयोग प्रसिद्ध आहे. नियमित शिबिरे आणि प्रत्येक लसीमागे एक किलो डाळ दिल्यावर पूर्ण लसीकरण झालेल्या मुलांचे प्रमाण ३९ टक्क्यांवर गेले. नुसत्या शिबिरांनी ते १८ टक्के झाले आणि काहीच न केलेल्या गावांत ६ टक्के होते. आकडे खरे आहेत, पण गोव्यात बहुतांश मुलांना लस मिळतेच. तिथला ‘सहापटीचा’ परिणाम इथे उचलून आणता येत नाही. तिथून उचलायची ती परिणामामागची यंत्रणा: पालकांचा विरोध नसतो, पण काम पुढे ढकलले जाते, आणि छोटेसे तातडीचे कारण ती ढकलाढकल मोडते. एक-चौदावर वारसांची नावे चढवून घेण्याच्या कामात हीच यंत्रणा चालेल का, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

राबवले कोणी? केनियात कंत्राटी शिक्षकांची एकच योजना काही शाळांत स्वयंसेवी संस्थेने आणि काही शाळांत सरकारने राबवली. संस्थेच्या शाळांत मुलांचे गुण वाढले, सरकारी यंत्रणेत परिणाम दिसला नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास सरकारी टेबलावर काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. खाजनात एखाद्या संस्थेने निष्ठेने करून दाखवलेले काम निविदा पद्धतीने तसेच होईल, असे धरून चालू नका.

खर्च दिला आहे का? बऱ्याच पेपरांत तो नसतो. मग लेखकांना ईमेल लिहा. बहुतेक जण उत्तर देतात.

इथले आकडे आणि त्यातले खड्डे

पर्वरीचे नियोजन, सांख्यिकी व मूल्यमापन संचालनालय राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल आणि सांख्यिकी पुस्तिका काढते. सुरुवात तिथून करा, पण काही सापळे लक्षात ठेवा.

२०११ च्या जनगणनेत गोव्याचे ११ तालुके आहेत. धारबांदोडा त्यात स्वतंत्र नाही, त्यामुळे सांगे आणि फोंड्याच्या आजच्या आकड्यांची तेव्हाच्या आकड्यांशी थेट तुलना केली की फसगत होते. त्याच जनगणनेनुसार राज्याची सुमारे ६२ टक्के लोकसंख्या शहरी आहे, पण त्यातली कळंगुटसारखी अनेक ‘शहरे’ ग्रामपंचायतीच्या कारभाराखाली आहेत. ‘ग्रामीण’ रकाना म्हणजे पंचायत क्षेत्र, असे समजून योजना आखली तर निम्मे लाभार्थी हिशेबातून गळतील.

राष्ट्रीय नमुना पाहणीत गोव्याचा नमुना छोटा असतो. राज्याचा आकडा घ्या, तालुक्याचा काढू नका. स्वतः पाहणी करायची असेल तर हे गणित ध्यानात असू द्या: ४०० शेतकरी अगदी विखरून निवडले, तर टक्केवारीत सुमारे ५ अंकांची कमीजास्त धरावी लागते. पण तेच ४०० जण २० गावांतून प्रत्येकी २० असे घेतले आणि एका गावातले लोक एकमेकांसारखे असले (गटांतर्गत सहसंबंध ०.१), तर त्या ४०० ची किंमत सुमारे १३८ स्वतंत्र माणसांएवढीच उरते आणि कमीजास्त ८ अंकांवर जाते. म्हणून गावे जास्त घ्या, प्रत्येक गावातली माणसे कमी घ्या.

पडीक क्षेत्र मोजायला सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटरची चित्रे मोफत मिळतात. पण पावसाळ्यात ढगच ढग असतात, आणि खारफुटी चित्रात पिकाइतकीच हिरवी दिसते. नुसत्या हिरवेपणावर मोजणी केली की उजाड झालेले खाजन ‘उत्तम पीक’ म्हणून नोंदले जाते. सेंटिनेल-१ चे रडार ढगांतून पाहते, पण भाताचे शेत आणि पाण्याखालचे पडीक शेत यांत लावणीच्या काळात फरक करणे त्यालाही कठीण. उपाय असा: खारफुटीचा भाग आधीच नकाशातून वगळा, एकाच तारखेऐवजी जून ते ऑक्टोबरची मालिका पाहा, आणि किमान शंभरेक तुकडे प्रत्यक्ष जाऊन तपासा.

गणित मांडा, म्हणजे कोणता आकडा हवा ते कळते

इथले आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. आपल्या खाजनाचे आकडे त्या जागी घाला.

बांधदुरुस्ती ४० लाख. बांधामागे ३० हेक्टर. लागवड झाली तर हेक्टरी निव्वळ फायदा वर्षाला २० हजार. दुरुस्ती टिकणार १० वर्षे. व्याजदर ८ टक्के धरला, तर दहा वर्षांच्या दरसाल एका रुपयाची आजची किंमत ६.७१ रुपये होते. सगळी ३० हेक्टर पिकली तर वर्षाला ६ लाख, म्हणजे आजचे सुमारे ४० लाख: खर्च जेमतेम भरून निघतो. निम्मीच पिकली तर आजचे २० लाख, निम्मा तोटा. यात दरवर्षीची डागडुजी अजून धरलेलीच नाही. उलट बाजूला विहिरी खाऱ्या होण्यापासून वाचणे, घरांत पाणी न शिरणे हे फायदेही धरलेले नाहीत. ते वेगळ्या ओळीत लिहा, मोघम ‘इतर लाभ’ म्हणून फुगवू नका.

या मांडणीतून एक गोष्ट लख्ख दिसते: निर्णय नुसत्या भाताच्या भावावर ठरत नाही, बांध झाल्यावर किती जमीन खरोखर परत पिकते यावर तो मोठ्या प्रमाणात ठरतो. तेव्हा पाहणीचा वेळ आणि पैसा त्याच आकड्यावर लावा.

आधारभूत किमतीच्या बाजूला निकष हवा तो ‘वाढीव हेक्टरी खर्च’. हेक्टरी १० हजारांप्रमाणे १०० हेक्टरांना १० लाख दिले, पण त्यातली ९२ हेक्टर अशीही पिकणारच होती, तर ८ वाढीव हेक्टरांसाठी प्रत्येकी सव्वा लाख पडले. ९२ हेक्टरवाल्यांना मिळालेली मदत वाया गेली असे नव्हे. ती उत्पन्नाची मदत आहे आणि त्या नावाने तिचे समर्थन करता येते. फक्त तिला पडीक जमिनीचा उपाय म्हणू नये.

पैसा निम्म्यांनाच पुरतो, तेव्हा त्यातून शिका

समजा तातडीची खाजने सोडून २४ खाजनांचे अर्ज उरले आणि यंदा त्यांतल्या १२ बांधांपुरता पैसा आहे. ज्यांचा बांध आत्ताच ढासळतो आहे आणि घरांना धोका आहे, त्यांना आधी द्या आणि त्यांना प्रयोगाबाहेर ठेवा. उरलेल्यांचा क्रम कूळ संघांसमक्ष चिठ्ठ्या टाकून ठरवा. वशिल्याचा संशय मिटतो, आणि दुसऱ्या वर्षीची खाजने आपोआप तुलनेला मिळतात.

चिठ्ठी शेतकऱ्याची नव्हे, बांधाची टाका. एका बांधामागचे सगळे एकत्र तरतात किंवा बुडतात. शेजारी खाजने वेगवेगळ्या गटांत येऊ देऊ नका, कारण एकाचा बांध उंचावला की पाणी दुसऱ्याकडे रेटते आणि परिणाम खोटा दिसतो. त्यांची एकच चिठ्ठी करा.

मोजणीची मर्यादा आधीच ओळखा. १२ विरुद्ध १२ खाजने असतील आणि त्यांच्या लागवडीच्या टक्केवारीत २५ अंकांचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) असेल, तर सुमारे २९ अंकांहून लहान फरक भरवशाने दिसणारच नाही. सुरुवातीची मोजणी नीट केलेली असली आणि दोन वर्षांच्या आकड्यांत घट्ट संबंध (०.७) असला, तर ही मर्यादा २० अंकांवर येते. एवढ्या सुधारणेसाठी लागते ती कामाआधीची एक मोजणी, आणि घाईत नेमकी तीच राहते.

ऋतूचे भान ठेवा. काम पावसाआधी संपले नाही तर पहिला हंगाम गेला. निधी मार्चअखेर सुटून निविदा मेमध्ये निघाली, तर तेच होते. बांध वेळेत झाला तरी जमिनीत मुरलेले मीठ पावसाने धुऊन निघायला वेळ लागतो. पहिल्याच वर्षी ‘बांधाचा उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढणे हा शेतकऱ्यांवर अन्याय ठरेल. कोरगुटसारखी मीठ सोसणारी जात तिथे लावली जाते का, हेही नोंदवा. जया या सुधारित जातीचे आणि कोरगुटचे उत्पन्न एकाच तराजूत तोलू नका.

कामाची तपासणी कोण करतो, याकडेही पाहा. गुजरातमध्ये कारखान्यांचे प्रदूषण तपासणाऱ्यांना पूर्वी तो कारखानाच निवडत असे आणि पैसे देत असे. अर्थतज्ज्ञ एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात तपासनीस सोडतीने नेमले, त्यांना सामायिक निधीतून पैसे दिले आणि काही तपासण्या पुन्हा करून पाहिल्या. अहवाल खरे येऊ लागले आणि कारखान्यांनी प्रदूषणही घटवले. राज्याने २०१५ मध्ये ही पद्धत स्वीकारली. बांधाची उंची, रुंदी आणि दाबाई तपासणारा माणूस ठेकेदाराच्या मर्जीतला नसावा, यासाठी हाच नमुना घ्या.

टिपण

दोन पाने, जास्त नाही. पहिल्या परिच्छेदात शिफारस आणि रक्कम. मग पर्यायांची एक तक्ती: खर्च, वाढीव हेक्टर, आकड्यावरचा भरवसा (भक्कम, मध्यम, कच्चा). मग कोणता आकडा बदलला तर शिफारस उलटेल, हे एका वाक्यात. वरच्या उदाहरणात ते वाक्य असे होईल: ‘दुरुस्तीनंतर जवळजवळ सगळी जमीन पिकणार नसेल, तर निव्वळ भाताच्या हिशेबाने हा खर्च करू नये.’ संशोधनाची नावे परिशिष्टात, आणि सखोल गणित मागितल्यास देण्यासाठी वेगळ्या फाईलमध्ये.

एक प्रत ग्रामसभेसाठी मराठी-कोंकणीत, कोष्टकांशिवाय करा. सर्व्हे नंबरासह कोणा कुळाचे नाव त्यात येऊ देऊ नका. वाद कोर्टात असतात आणि तुमचा कागद पुराव्यादाखल फिरू लागतो.

शेवटच्या परिच्छेदात तीन तारखा घाला: सुरुवातीच्या मोजणीची, पहिल्या आढाव्याची आणि दुसऱ्या हंगामानंतरच्या निर्णयाची. प्रत्येक तारखेपुढे माणसाचे नाव नको, पद लिहा. बदली झाली तरी पद तिथेच राहते. पहिल्या १२ खाजनांचे निकाल दुसऱ्या १२ च्या निविदा निघण्याआधी कूळ संघांच्या हाती पोचतील अशा बेताने या तारखा धरा, म्हणजे मानशीच्या पावणीच्या अटी त्यांना त्याच बैठकीत बदलता येतील.